घरच्या संगणकावर लिनक्स: कोणत्या क्रमाने जावे?

मध्यलय

विंडोज १० ला मिळणारी नेहमीची मोफत सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. आमच्या घरातील लॅपटॉपमध्ये इंटेलचा सातव्या पिढीचा प्रोसेसर आहे, त्यामुळे विंडोज ११ च्या अटींत तो बसत नाही. त्या प्रणालीला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असल्यास तो, मोजके अपवाद सोडता, आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा असावा लागतो. यंत्र मात्र ठणठणीत आहे. आठ जीबी रॅम आहे, जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवलेली आहे, पडदा आणि कळफलक उत्तम आहेत. केवळ प्रणाली बनवणाऱ्याने मुदत संपल्याचे जाहीर केले म्हणून असे यंत्र मोडीत काढणे मला पटत नाही, म्हणून विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स या मुक्त संगणक प्रणालीचा गांभीर्याने विचार करत आहे.

हा लॅपटॉप तिघे वापरतात. मला हिशेबाच्या एक्सेल फायली, ईमेल, छपाई आणि स्कॅनिंग लागते. मुलगी अभ्यासाचे प्रकल्प करते आणि खेळ खेळते. माझे वडील मराठीत भरपूर लिहितात. त्यांचे जुने लेखन युनिकोडपूर्व काळातल्या फॉन्टांमध्ये आहे आणि ते त्यांना गमवायचे नाही. ज्यांनी असा बदल घरात केला आहे, त्यांनी सुरुवात कुठून केली आणि कोणत्या क्रमाने पुढे गेले, हे जाणून घ्यायचे आहे.

वाटाड्या

बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो कोणते लिनक्स घ्यावे हा. तुम्ही क्रम विचारलात हे फार चांगले केलेत, कारण माझ्या मते यश क्रमावरच अवलंबून असते. माझा सल्ला असा की प्रणालीला अजिबात हात न लावता आधी त्यावरचे प्रोग्राम बदला. फायरफॉक्स, थंडरबर्ड, लिब्रेऑफिस, व्हीएलसी, गिंप, ऑडॅसिटी हे सगळे विंडोजवरही चालतात. ते आजच बसवा आणि रोजचे काम त्यांच्यावरच करा. सवय खरी मोडते ती इथे. जी फाइल लिब्रेऑफिसमध्ये नीट उघडत नाही, ती विंडोजवरच लक्षात येईल आणि तिचा मार्ग शोधायला सवड मिळेल. हे सगळे अंगवळणी पडल्यावर खालची प्रणाली बदलली, तरी घरातल्यांच्या दृष्टीने फारसे काही बदलत नाही, कारण माणूस दिवसभर काम करतो ते प्रोग्राममध्ये आणि प्रणालीशी त्याचा थेट संबंध अगदी थोडा येतो.

या उलट जे लोक एका सुट्टीच्या दिवशी प्रणाली, प्रोग्राम, फायलींची मांडणी आणि कळफलक हे सगळे एकदम बदलतात, त्यांना अडचण आली की ती नेमकी कशामुळे आली हेच कळत नाही. मग सगळा दोष लिनक्सच्या माथी जातो आणि लवकरच विंडोज परत येते.

दवबिंदू

वाटाड्या यांच्याशी पूर्ण सहमत. आमच्याकडे थंडरबर्डमुळेच संक्रमण सोपे झाले. विंडोजवरील त्याचे प्रोफाइल फोल्डर लिनक्सवर योग्य जागी ठेवले आणि सगळी पत्रे, पत्ते व खात्यांची मांडणी जशीच्या तशी आली.

तिसरा कोन

मी थोडे वेगळे मत मांडतो. धागाकर्त्यांनी हिशेबाच्या एक्सेल फायलींचा उल्लेख केला आहे आणि सगळे काही या एका शब्दावर अडू शकते. साधी सूत्रे, तक्ते, आलेख आणि पिव्हट तक्ते लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये चांगले चालतात. मात्र मॅक्रो, म्हणजे एक्सेलच्या व्हीबीए या भाषेत लिहिलेल्या आपोआप चालणाऱ्या सूचना, त्यात अंशतःच चालतात आणि पॉवर क्वेरी या एक्सेलमधील माहिती गोळा करणाऱ्या साधनावर आधारलेल्या फायलींचा प्रश्न सुटत नाही. दुसऱ्या कुणाकडून येणारी आणि पुन्हा त्यांच्याकडेच जाणारी वर्ड फाइल असेल, तर मांडणी हलण्याची शक्यता राहते. वाईन हा प्रकल्प १९९३ पासून विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवण्यासाठी झटत आहे आणि त्याने थक्क करणारी प्रगती केली आहे, तरीही नव्या एमएस ऑफिससाठी किंवा फोटोशॉपसाठी त्याच्यावर विसंबणे योग्य नाही.

ज्या माणसाचे पोट अशा एखाद्या प्रोग्रामवर आहे, त्याला लिनक्स सुचवणे मला जबाबदारीचे वाटत नाही. विंडोज १० साठी वाढीव सुरक्षा अद्यतनांची जी योजना घरगुती ग्राहकांसाठी जाहीर झाली, तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ अशी ठेवण्यात आली. त्या योजनेत नाव नोंदवून घाई न करता निर्णय घेणे हाही एक सरळ मार्ग आहे.

वाटाड्या

@तिसरा कोन, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि आधी प्रोग्राम बदलण्याचा आग्रह मी त्याचसाठी धरतो. मॅक्रो चालत नाहीत हे विंडोजवर असतानाच कळले, तर काहीच बिघडत नाही. मांडणी हलण्याबाबत एक गोष्ट जोडतो. पुष्कळदा ती हलते ती फॉन्ट नसल्यामुळे. कॅलिब्री आणि केंब्रिया हे फॉन्ट लिनक्सबरोबर येत नाहीत, पण कार्लिटो आणि कॅलाडिया हे अक्षरांची रुंदी तंतोतंत तेवढीच ठेवून बनवलेले मुक्त फॉन्ट आहेत. एरियल, टाइम्स न्यू रोमन आणि कुरियर न्यू यांच्या जागी लिबरेशन कुटुंबातील फॉन्ट तेच काम करतात. हे बसवले की ओळी जागच्या जागी तुटतात आणि पानांची संख्याही सहसा बदलत नाही.

खटपट्या

आता लाइव्ह यूएसबीबद्दल लिहितो, कारण इतकी मोठी सोय असूनही लोक तिचा पुरता उपयोग करून घेत नाहीत. लिनक्सची आयएसओ फाइल, म्हणजे संपूर्ण प्रणाली सामावलेली एकच फाइल, पेनड्राइव्हवर चढवून संगणक त्यावरून सुरू केला, की डिस्कवर काहीही न लिहिता संपूर्ण प्रणाली वापरून पाहता येते. फाइल चढवण्यासाठी रूफस किंवा व्हेंटॉय हा प्रोग्राम वापरा. पेनड्राइव्हवरचे आधीचे सगळे पुसले जाते, म्हणून तो रिकामाच घ्या. आयएसओ अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवा आणि तिथे दिलेला एसएचए २५६ चा आकडा, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेली तिची ओळखखूण, आपल्या फाइलशी जुळतो का ते पाहा. ही पायरी कंटाळवाणी वाटते, पण अर्धवट उतरलेल्या फाइलमुळे होणारा मनस्ताप तिच्यामुळे टळतो.

लाइव्ह प्रणाली सुरू झाल्यावर लोक वॉलपेपर आणि मेनू पाहून खूश होतात आणि बंद करतात. तसे करू नका. वायफाय जोडा, कारण काही ब्रॉडकॉम चिपांना वेगळा ड्रायव्हर लागतो. आवाज, माइक आणि कॅमेरा एका खऱ्या व्हिडिओ कॉलवर तपासा. लॅपटॉपचे झाकण मिटा, थोड्या वेळाने उघडा आणि तो नीट जागा होतो का, जागा झाल्यावर वायफाय परत जोडले जाते का, हे पाहा; लॅपटॉपवरच्या तक्रारींपैकी पुष्कळशा या एकाच जागी असतात. बोटाचा ठसा ओळखणारी पट्टी असेल तर ती चालणार नाही असे धरून चाला, चालली तर आनंद माना. एनव्हीडियाचे ग्राफिक्स कार्ड असेल तर त्याचा मालकी ड्रायव्हर नंतर बसवावा लागतो, आणि सिक्युअर बूट (अनोळखी प्रोग्राम सुरुवातीलाच रोखणारी संगणकाची सुरक्षा सोय) चालू असल्यास त्या वेळी एक तात्पुरता पासवर्ड ठरवून तो पुढच्या सुरुवातीला निळ्या पडद्यावर द्यावा लागतो. तो पडदा पाहून घाबरू नका, आणि घाईघाईने पुढेही जाऊ नका.

पेनड्राइव्हवरून प्रणाली संथ चालते. तो संथपणा पेनड्राइव्हचा असतो, त्यावरून मत बनवू नये.

रानवारा

दोन्ही प्रणाली शेजारी शेजारी ठेवण्याबद्दल कुणीतरी लिहावे. मला तोच मार्ग सुरक्षित वाटतो.

खटपट्या

@रानवारा, चालतो, पण तीन गोष्टी आधी सांभाळाव्या लागतात. पहिली म्हणजे बिटलॉकर, विंडोजची डिस्कवरची माहिती कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणारी सोय. अनेक लॅपटॉपवर ती मालकाच्या नकळत चालू झालेली असते. डिस्कच्या विभागांना (पार्टिशन्सना) हात लावण्यापूर्वी बिटलॉकरची रिकव्हरी की लिहून ठेवा, नाहीतर विंडोज पुढच्या वेळी तीच मागेल आणि ती नसेल तर त्यातली माहिती कायमची गेली असे समजा. दुसरी म्हणजे विंडोजचे फास्ट स्टार्टअप. ते चालू असताना संगणक बंद केला तरी विंडोज पूर्णपणे बंद होत नाही, त्याचा विभाग अर्धवट झोपलेल्या अवस्थेत राहतो आणि लिनक्स त्यावर लिहिण्यास नकार देते. ते बंद करून ठेवा. तिसरी गोष्ट किरकोळ आहे, पण पुष्कळांना गोंधळात पाडते: दोन्ही प्रणालींतील घड्याळे वेगवेगळी वेळ दाखवू लागतात. संगणकाच्या अंगभूत घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवते आणि लिनक्स जागतिक समन्वित वेळ धरून चालते. लिनक्समध्ये एका आज्ञेने स्थानिक वेळ वापरायला लावता येते.

या सगळ्याच्या आधी बॅकअप. लॅपटॉपपासून सुटी केलेल्या बाहेरच्या डिस्कवर, आणि त्यातली एखादी फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्यानंतरच पुढे जा.

कंदील

वितरणाबद्दल, म्हणजे लिनक्सच्या अनेक तयार प्रकारांपैकी कोणता घ्यावा याबद्दल, माझे मत स्पष्ट आहे. विंडोजवरून येणाऱ्या घरासाठी लिनक्स मिंट, सिनॅमन आवृत्ती. डाव्या कोपऱ्यात मेनू, खाली पट्टी, उजवीकडे घड्याळ ही मांडणी ओळखीची असते. जुलै २०२४ मध्ये आलेली मिंट २२ ही मालिका उबुंटू या दुसऱ्या वितरणाच्या २४.०४ आवृत्तीवर बेतलेली आहे आणि तिला २०२९ पर्यंत अद्यतने मिळणार आहेत. त्यात टाइमशिफ्ट हे साधन आधीपासूनच असते. एखाद्या अद्यतनानंतर काही बिघडले तर त्याच्या मदतीने प्रणाली आदल्या स्थितीत नेता येते. फेडोरा हे वितरण मला अतिशय आवडते, मी स्वतः तेच वापरतो, पण त्याची प्रत्येक आवृत्ती साधारण १३ महिनेच सांभाळली जाते आणि घरातल्या सामायिक संगणकाची तेवढ्या वारंवार श्रेणीवाढ करावी असे मला वाटत नाही.

चौकट

डेबियन या वितरणाचे नाव घेतल्याशिवाय ही चर्चा पूर्ण कशी होईल? हा प्रकल्प १९९३ पासून स्वयंसेवकांच्या बळावर चालतो, उबुंटू त्यावर उभे आहे आणि पर्यायाने मिंटही. पूर्वी वायफायसाठी लागणारे मालकी फर्मवेअर (यंत्रभागांच्या आत चालणारा निर्मात्याचा प्रोग्राम) वेगळे शोधावे लागे, म्हणून नवख्या माणसाला डेबियन सुचवायला मीही कचरत असे. जून २०२३ मधील डेबियन १२ पासून ते स्थापनेच्या मुख्य प्रतीतच दिले जाते आणि ती अडचण बरीचशी सरली. एकदा बसवले की अनेक वर्षे शांतपणे चालते.

कंदील

@चौकट, शांतपणे चालते हे मान्य, पण त्यातले प्रोग्रामही पुढची आवृत्ती येईपर्यंत साधारण त्याच स्थितीत राहतात. मुलीला एखाद्या चित्रकला प्रोग्रामची ताजी आवृत्ती हवी असेल तर फ्लॅटपॅककडे, म्हणजे वितरणाच्या बाहेरून ताजे प्रोग्राम बसवण्याच्या पद्धतीकडे, वळावे लागेल. मिंटमध्ये त्याच्या फ्लॅटहब या भांडाराची जोडणी तयार असते, डेबियनमध्ये ती स्वतः करावी लागते. तज्ज्ञाला हे काहीच नाही, घरातल्या माणसाला ती एक वाढीव पायरी आहे.

बोरू

मराठी लेखनाचा प्रश्न कुणी हाताळला नाही म्हणून सविस्तर लिहितो. धागाकर्त्यांच्या वडिलांसाठी हाच सर्वांत महत्त्वाचा भाग ठरेल असे मला वाटते.

टंकनाची सोय उत्तम आहे. इनस्क्रिप्ट कळफलक भाषेच्या मांडणीतून थेट जोडता येतो. ज्यांना उच्चारानुसार लिहायची सवय आहे, त्यांनी आयबस ही टंकनयंत्रणा आणि त्याबरोबर एम१७एन हा टंकनपद्धतींचा संच बसवावा. त्यात मराठीसाठी फोनेटिक, आयट्रान्स आणि गमभन अशा पद्धती मिळतात. ज्यांनी वर्षानुवर्षे मराठी संकेतस्थळांवर गमभनाने लिहिले आहे, त्यांची बोटे इथे अडखळणार नाहीत. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतील अर्धा र कसा उमटतो ते मात्र पहिल्याच दिवशी पाहून घ्यावे, कारण काही पद्धती तो ऱ या स्वतंत्र अक्षरापासून घडवतात आणि काही साध्या र ला अदृश्य जोडचिन्ह देऊन घडवतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधला तर सापडेलच असे नाही. दीर्घ लेखन करणाऱ्याने एक पद्धत ठरवून तीच पाळावी.

दिसण्याबाबत सांगायचे तर नोटो आणि लोहित हे देवनागरी फॉन्ट वितरणांमध्ये सहज उपलब्ध असतात. लिब्रेऑफिसमध्ये मजकुराची भाषा मराठी अशी ठरवून दिली, की ज्या फॉन्टात तशी सोय आहे त्यात ल आणि श ही अक्षरे मराठी वळणाने उमटतात. इतकी नाजूक गोष्ट मुक्त प्रणालीत सांभाळली गेली आहे याचा मला मनापासून आनंद होतो.

युनिकोडपूर्व लेखनाचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे. त्या फायलींत देवनागरी अक्षरे मुळात साठवलेलीच नसतात. रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे संकेतांक साठवलेले असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरी रूप देतो. तो फॉन्ट लिनक्सवर बसवला तर मजकूर बहुधा दिसेल, परंतु शोधता येणार नाही आणि इतरत्र चिकटवताही येणार नाही. शिवाय असे लेखन करणारे कित्येक जुने प्रोग्राम यूएसबीला लावायच्या कुलूपकिल्लीवर चालत आणि ते लिनक्सवर चालण्याची आशा धरू नये. म्हणून विंडोज चालू आहे तोवरच त्या प्रत्येक फाइलची एक पीडीएफ प्रत काढून ठेवा, म्हणजे मूळ रूप कायम दिसत राहील. त्यानंतर रूपांतरकाच्या साहाय्याने मजकूर युनिकोडमध्ये आणा आणि ओडीटी म्हणून साठवा. रूपांतरक रफार, हृ, ऋ आणि जोडाक्षरांत चुका करतात, तेव्हा पीडीएफ शेजारी उघडून कुणीतरी वाचून पाहणे अटळ आहे. वडिलांचे लेखन वडिलांबरोबर बसून वाचायला मिळणार असेल, तर त्या कामाला वेळ द्यावाच. हे पूर्ण होईपर्यंत प्रणाली बदलू नये असे मी आग्रहाने सांगेन.

दवबिंदू

बोरू, हा प्रतिसाद स्वतंत्र लेख व्हावा इतका मोलाचा आहे. वाचनखूण साठवली आहे.

पाऊलखुणा

खेळांबद्दल थोडे. स्टीम हे खेळांचे ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्हने २०१८ मध्ये विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवणारे प्रोटॉन आणले आणि २०२२ मध्ये लिनक्सवर चालणारे स्टीम डेक हे उपकरण बाजारात आणले, तेव्हापासून चित्र पार पालटले आहे. स्टीमवरील विंडोजचे असंख्य खेळ काही न करता चालतात. माइनक्राफ्टची जावा आवृत्ती लिनक्ससाठी अधिकृतपणे मिळते. जे ऑनलाइन खेळ फसवणूक रोखण्यासाठी प्रणालीच्या गाभ्यात शिरणारा प्रोग्राम बसवतात, ते मात्र चालत नाहीत. फोर्टनाइट आणि व्हॅलोरंट त्यांपैकी आहेत. मुलीला आधीच विचारून घ्या. तिचा आवडता खेळ त्या गटातला निघाला आणि तिला ते प्रणाली बदलल्यावर कळले, तर तिचा राग अगदी योग्य असेल.

रानवारा

लिनक्सला विषाणूंचा धोका नसतो असे नेहमी वाचतो. मग सुरक्षेची काळजी मिटली असे समजावे का?

चौकट

@रानवारा, असे समजू नये. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या दाबयंत्रणेत, म्हणजे फायली आक्रसून ठेवणाऱ्या छोट्याशा पण सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या संचात, मुद्दाम पेरलेला चोरदरवाजा सापडला. तो पेरणाऱ्याने दीर्घकाळ प्रामाणिक सहभागी असल्याचे भासवून विश्वास मिळवला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच जोडणीला (दूरच्या संगणकाशी सुरक्षितपणे जोडले जाण्याला) अर्धा सेकंद जास्त लागतो हे खटकले, त्याने मुळापर्यंत जाऊन शोध घेतला आणि डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत तो संच पोहोचण्याआधीच सर्वांना सावध केले. स्रोत खुला होता म्हणून एका बाहेरच्या माणसाला हे तपासता आले. त्याच वेळी, एवढा महत्त्वाचा संच एका थकलेल्या स्वयंसेवकाच्या खांद्यावर होता, हेही आपण विसरता कामा नये. ज्या प्रकल्पांवर आपले घर चालते त्यांना जमेल तशी देणगी द्यावी, दोष नीट लिहून कळवावेत, मराठी भाषांतराला हातभार लावावा. मला हे कर्तव्य वाटते.

घरापुरते बोलायचे तर प्रोग्राम वितरणाच्या भांडारातूनच घ्या, अद्यतने वेळेवर करा आणि कुणीतरी कुठेतरी लिहिलेली आज्ञा अर्थ समजल्याशिवाय टर्मिनलमध्ये चिकटवू नका.

सांजवेळ

माझ्या आईसाठी हा बदल केला त्याला आता बराच काळ झाला. तिला प्रणालीचे नावही ठाऊक नाही आणि असावे अशी अपेक्षाही नाही. अक्षरे मोठी केली, तिला लागणारे मोजकेच प्रोग्राम खालच्या पट्टीवर ठेवले, तिचे खाते साधे ठेवले आणि प्रशासकाचा पासवर्ड माझ्याकडे ठेवला. मात्र एक प्रश्न या चर्चेत कुणी विचारलेला नाही. अडचण आली की बघणार कोण? विंडोजची माहिती असलेले कुणी ना कुणी आजूबाजूला असते. लिनक्सच्या बाबतीत ती व्यक्ती बहुधा तुम्हीच असता. ती जबाबदारी पत्करायची तयारी असेल तरच घरातल्या वडीलधाऱ्यांचा संगणक बदलावा.

तिसरा कोन

सांजवेळ यांनी नेमके बोट ठेवले. तांत्रिक अडचणींपेक्षा मला हीच बाब अधिक निर्णायक वाटते.

मध्यलय

सर्वांचे मनःपूर्वक आभार. जबाबदारी मी घेणार आहे, त्याबद्दल मनात शंका नाही. लिब्रेऑफिस विंडोजवर बसवून माझ्या फायली उघडून पाहिल्या. बहुतेक व्यवस्थित आहेत, पण दोन जुन्या फायलींतील मॅक्रो चालत नाहीत. लाइव्ह यूएसबीवर वायफाय, आवाज, कॅमेरा आणि झाकण मिटून उघडणे हे सगळे ठीक निघाले. छपाईही झाली. यूएसबीने जोडलेल्या त्याच यंत्राचा स्कॅनर मात्र दिसत नाही. वडिलांच्या फायलींच्या पीडीएफ काढायला आम्ही सुरुवात केली आहे.

खटपट्या

@मध्यलय, ते यंत्र वायफायला जोडता येत असेल तर तसे जोडून पाहा. छपाईसाठी कप्स आणि स्कॅनिंगसाठी सेन या यंत्रणा आहेत. सेनचा एअरस्कॅन हा भाग नेटवर्कवरच्या कित्येक नव्या यंत्रांशी निर्मात्याच्या ड्रायव्हरशिवाय बोलतो. यूएसबीवर न दिसणारा स्कॅनर वायफायवर दिसल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. तरीही जमले नाही, तर सेनच्या संकेतस्थळावर यंत्रांची यादी आहे, तिथे तुमचे मॉडेल शोधा.

वाटाड्या

मॅक्रो असलेल्या दोन फायलींसाठी प्रणाली अडवून धरायची गरज नाही. त्या मॅक्रोंचे काम नेमके काय आहे ते आधी पाहा. पुष्कळदा एखाद्या सूत्राने किंवा पिव्हट तक्त्याने तेच साधते.

आणि तुमची जुनी एसएसडी पुसू नका. एक वेगळी एसएसडी घ्या, जुनी काढून बाजूला ठेवा आणि लिनक्स नवीवर बसवा. यात विभाग पाडावे लागत नाहीत, दोन प्रणाली एकाच डिस्कवर भांडत नाहीत, आणि काही राहून गेले असे वाटले तर स्क्रू उघडून जुनी डिस्क परत लावता येते. फक्त जुनी लावाल तेव्हा त्या विंडोजला इंटरनेट जोडू नका, वाढीव अद्यतनांच्या योजनेत नाव नोंदवले नसेल तर मुळीच नको. बिटलॉकर चालू असल्यास त्याची रिकव्हरी की आजच कागदावर लिहून त्या डिस्कसोबतच्या कागदपत्रांत ठेवा. वडिलांच्या लेखनाचे रूपांतर पूर्ण होऊन ते वाचून झाले, की मग बदलाचा दिवस ठरवा.